लेपावर लेप

गाडीखाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर तेलाचे नऊ डाग होते. चार बशीएवढे, तीन शर्टाच्या बटणाएवढे, आणि दोन एकमेकांत मिसळून भोपळ्याच्या आकाराचे झालेले. बशीएवढ्या डागांपैकी एकात सहा माशा आणि एक झुरळ होतं. माशा मेल्या होत्या. झुरळ जिवंत होतं. ते एक पाय उचलायचं, तो चिकटून परत यायचा, मग दुसरा उचलायचं.

चिमटी पुठ्ठ्याशी वाकली. तिने नाकाने श्वास घेणं थांबवलं, तोंडाने सुरू केलं, आणि खडूने प्रत्येक डागाभोवती गोल काढला.

"मोजून काय मिळणार?" बाबा म्हणाले. ते स्टुलावर बसून बिस्किट खात होते. ज्या बोटांनी आत्ताच गाडीतल्या तेलाची पातळी बघितली होती, त्याच बोटांनी. बिस्किटाच्या कडेला काळा ठसा उमटला. बाबांनी तो ठसाही खाल्ला.

"नऊ आहेत. तुम्ही मागच्या वेळी सात म्हणाला होतात."

"मग दोन वाढले. वय झालं की सगळ्यांचंच कुठून ना कुठून गळतं."

चिमटी हे नाव बाबांनीच ठेवलं होतं. लहानपणी ती ताटातला प्रत्येक घास आधी दोन बोटांत धरून उलटापालटा करून बघायची आणि मगच तोंडात घालायची. पुढे ती विज्ञान शिकली, इंजिनांचं शिकली, आणि दोन वर्षांपूर्वी बाबांच्या गॅरेजात कामाला लागली. इंजिन आतून किती स्वच्छ असतं, धातूवर धातू केसाच्या अंतराने कसा फिरतो आणि मध्ये फक्त तेलाचा पातळ पडदा असतो, हे तिला फार आवडलं होतं. गॅरेजात आल्यावर मात्र तिची गाठ इंजिनाच्या बाहेरच्या अंगाशी पडली. तिथे काळा चिखल होता, त्यात केस होते, पिसं होती, आणि एकदा तर कुणाचा तरी दात निघाला होता. ती रबरी हातमोज्यांचा डबा सोबत ठेवायची. शेजारचा टायरवाला तिला डॉक्टरीणबाई म्हणायचा. तिची हरकत नव्हती.

गाडी आत्याची होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर तिने त्याची व्हॅन विकली नाही, स्वतःच चालवायला घेतली. मूत्रपिंडं निकामी झालेल्या नऊ-दहा माणसांना ती दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी डायलिसिसला हॉस्पिटलात न्यायची आणि संध्याकाळी घरी सोडायची. परतताना त्यांतल्या निम्म्यांना मळमळायचं. त्यासाठी प्रत्येक सीटखाली एक झाकणाची बादली होती. आत्ता आत्या त्याच बादल्या गॅरेजच्या नळाखाली धूत होती आणि वर लिंबाच्या वासाची पावडर सढळ हाताने शिंपडत होती. आंबट वास आणि लिंबाचा वास एकमेकांना मारण्याऐवजी हातात हात घालून चिमटीपर्यंत येत होते.

"आत्या, जरा लांब धू ना."

"अगं, उलटी आहे ती, बाँब नाही."

पण आत्याच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. आठवड्यापूर्वी हॉस्पिटलच्या गाड्यांवर देखरेख ठेवणारा साहेब तिच्या शेजारच्या सीटवर बसून आला होता. चढावर तेलाच्या दाबाचा काटा थरथरला, तळाला जाऊन टेकला आणि लाल दिवा लागला. सपाटीवर आल्यावर काटा आपोआप वर गेला. साहेबाने तो दिवा बघितला. उतरताना एवढंच म्हणाला, की सोमवारी दुपारी गॅरेजवर येतो. गाडी उभी, गरम इंजिन, मंद गती, अधूनमधून रेस, वीस मिनिटं. दाब एक बारच्या खाली गेला तर ही गाडी बंद, आणि माणसं न्यायचं काम मोठ्या कंपनीकडे.

मोठ्या कंपनीची गाडी हमरस्त्यावर थांबते आणि हॉर्न वाजवते. आत्या जिने चढते, दार वाजवते, चपला पायात सरकवते, हाताला धरून खाली आणते.

"शिंपीकाका तिसऱ्या मजल्यावरून हॉर्न ऐकून उतरणार आहेत?" आत्याने त्या दिवसापासून हे सगळ्यांना विचारलं होतं. शिंपीकाका तिच्या त्या नऊ-दहा माणसांतले.

आज रविवार होता.

"काट्याचं काही नाही," बाबांनी बिस्किटाचा चुरा झटकला. "सेन्सर खोटं बोलतो. दोनदा बदलला. हल्ली मालच भिकार येतो. तिसरा टाकू. आणि गळतं तिथे लेप मारू."

लेप म्हणजे लाल सिलिकॉन. ते ट्यूबमधून टूथपेस्टसारखं निघतं, हवेत सुकतं आणि रबर होतं. बाबा ते बोटाने लावायचे, जाड, शेजारच्या भागावर थापून. गाडीच्या इंजिनाला जिथे जिथे जोड होता तिथे तिथे लाल कडा बाहेर आल्या होत्या, लेपावर लेप, जुन्यावर नवा, मध्ये धूळ. कुणाची तरी लिपस्टिक रात्रभर पुसायची राहून गेली असावी तसं ते दिसत होतं. चिमटीला तिकडे बघवत नव्हतं. आपल्या बापाचं बोट त्या प्रत्येक इंचावरून फिरलेलं आहे हे तिथे स्पष्ट वाचता येत होतं.

"आज लेप नाही," ती म्हणाली. "आधी धुणार. मग बघणार."

"इंजिन धुतल्याने बरं होत नाही."

"घाणीत गळती दिसत नाही, बाबा. नऊ डाग खाली आहेत. वर उगम किती आहेत ते कुठे माहीत आहे?"

दुपारपर्यंत ती रॉकेल आणि ब्रश घेऊन गाडीखाली पडून होती. मळ बोटभर जाड होता. तो पापुद्र्यांनी सुटायचा, आणि प्रत्येक पापुद्र्याखाली ओलसर, गरम, कुजल्यासारखं काहीतरी असायचं. एक लगदा तिच्या मनगटावर पडून हातमोज्याच्या आत उतरला. ती बाहेर आली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पाच मिनिटं रस्त्याकडे बघत उभी राहिली आणि परत आत गेली. इंजिन कोरडं झाल्यावर तिने त्यावर अंगाला लावायची पांढरी पावडर फवारली. आता जिथून तेल येईल तिथे पांढऱ्यावर काळी रेघ उमटणार होती.

मग तिने सेन्सर काढला आणि त्या जागी साधा दाबमापक बसवला. हे जुन्या घड्याळासारखं गोल उपकरण असतं. त्याला वायर नसते. तेल नळीतून येऊन स्वतःच काटा ढकलतं.

"हा खोटं बोलू शकत नाही," ती म्हणाली.

"सगळेच बोलतात," बाबा म्हणाले, पण जवळ येऊन उभे राहिले.

आत्याने गाडी सुरू केली. इंजिन थोडं गरम झाल्यावर मंद गतीला काटा दीडवर आला. चिमटीने हात वर केला, आत्याने रेस दिली, काटा तीनच्या पुढे गेला.

"बघ," बाबा म्हणाले. "ठणठणीत."

"थांबा."

रेस तशीच ठेवली. काही मिनिटांनी काट्याला कापरं भरलं. तीन, अडीच, परत तीन, दोन. मग तो पायरी चुकलेल्या माणसासारखा एकदम खाली आला. अर्धा.

"बंद कर," चिमटी ओरडली आणि आत्याने चावी फिरवली.

इंजिनातून टक टक असा थंड होणाऱ्या धातूचा आवाज येत राहिला. बाबांनी खिशातून लेपाची ट्यूब काढली, बघितली, परत ठेवली. थोड्या वेळाने चिमटीने पुन्हा चावी फिरवायला सांगितलं. काटा दीडवर, जणू काही झालंच नाही.

"विश्रांती घेतली की बरी होते," आत्या म्हणाली. "माझे पेशंट असेच आहेत."

"पंप झिजला असता तर विश्रांतीने बरा झाला नसता. तेल पातळ झालं असतं तरीही नाही." चिमटी बोलताना बोटं मोजत होती. "जोरात ओढलं की काहीतरी जाळीला येऊन चिकटतं. ओढणं थांबलं की सुटून खाली पडतं. तेल खालच्या चेंबरमधून ज्या जाळीतून वर जातं, त्या जाळीजवळ काहीतरी तरंगतंय."

"काय तरंगणार आत?" बाबांनी विचारलं. तिने त्यांच्याकडे बघितलं. ते पुठ्ठ्याकडे बघत होते.

पावडरवर चार काळ्या रेघा उमटल्या होत्या. टॅपेट कव्हर म्हणजे वरच्या झाकणातून, पुढून, मागून, आणि खालच्या चेंबरच्या कडेतून. चारही एकाच वेळी सुरू झालेल्या, चारही सारख्याच जोमाच्या. चिमटीला ते मुळीच आवडलं नाही. जोडातलं एक पॅकिंग खराब होतं, दोन होतात. चार पॅकिंगं एकाच दिवशी ठरवून खराब होत नाहीत. आतून कुणीतरी ढकलतंय.

तिने डब्यातून नवा हातमोजा काढला, तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि हातमोज्याचं मनगट त्यावर ताणून बसवलं. पाच बोटं लुळी लोंबत होती.

"सुरू कर, आत्या."

आधी तळवा फुगला. मग अंगठा ताठ झाला, मग करंगळी, आणि मग बाकीची बोटं एकेक करून उभी राहिली. पिवळसर, पारदर्शक, आतून तेलाच्या वाफेने घामेजलेला एक हात इंजिनातून वर आला आणि थरथरत त्यांच्याकडे बोटं रोखून उभा राहिला. हातमोजा फुगत गेला, त्यावर शिरा दिसू लागल्या, आणि मग तो फटकन उडून बाबांच्या छातीवर चिकटला.

"असं कधी पाहिलं नव्हतं," बाबा म्हणाले. त्यांनी तो सोलून काढला आणि सवयीने त्यालाच बोटं पुसली.

"इंजिनाला श्वास सोडायची नळी असते ना? ब्रीदर. ती कुठे जाते या गाडीत?"

"जुनी गाडी आहे. वरून खाली. पायरीशेजारी उघडी सुटते."

चिमटी पायरीजवळ वाकली. रबरी नळीचं तोंड तिथे होतं, अंगठ्याएवढं. आणि तोंडात लिंबाचा वास होता.

तिने लांब चिमटा आत घातला. काहीतरी मऊ लागलं. ओढल्यावर ते हळूहळू, नाइलाजाने, प्लक् असा आवाज करत बाहेर आलं. तो कापडाचा बोळा होता. त्यावर तेल आणि पाण्याची वाफ घुसळून झालेली पिवळी दाट साय होती, तिच्यात लिंबाच्या पावडरच्या गुठळ्या होत्या, आणि सगळ्याला बंद डब्यात विसरलेल्या ओल्या कपड्यांची घाण येत होती. त्याच्या मागे दुसरा बोळा होता. दुसऱ्याच्या मागे तिसरा, तो काळा, कडक, बुरशी धरलेला. तिने तिन्ही पुठ्ठ्यावर ओळीने ठेवले. मधल्याला टाच होती.

"हा मोजा आहे," ती म्हणाली. "पुरुषाचा."

आत्या बादली हातात घेऊन उभी होती.

"त्यांचे आहेत," ती म्हणाली. "वापरून मऊ झालेले. टाकवत नव्हते." मग पुढे म्हणाली, "त्या नळीतून धूर यायचा गं. जळक्या तेलाचा. तो पायरीतून आत शिरायचा आणि मागच्यांना ढवळायचं. शिंपीकाका तर त्या वासानेच सुरू व्हायचे. मी लिंबाची पावडर लावून बोळा बसवला, वास गेला. दर आठवड्याला नवा बसवायचे. जुना कधीकधी आत सरकायचा, हाती लागायचा नाही. म्हटलं राहू दे, जास्तच गाळेल."

"ताई," बाबा म्हणाले. "नाक दाबून ठेवलंस तू इंजिनाचं. वाफ तिकडून जाईना म्हणून तिने सगळे जोड फोडले. आणि मी खुळ्यासारखा वर्षभर..." ते थांबले.

"मला सांगायचंस मग, की नळी उघडी ठेवायची असते."

"तू सांगायचंस की बोळा बसवलाय."

"तू विचारलंस कधी? आलास, चोपडलंस, गेलास. लेपमास्तर."

"फुकट चोपडत होतो ना, म्हणून."

"दोघं गप्प बसा," चिमटी म्हणाली. तिला दोघांचीही किळस आली होती, आणि तिचं तिलाच ते चमत्कारिक वाटलं, कारण बोळे काय किंवा लेप काय, वाईट हेतूने कुणी काहीच केलं नव्हतं. तिथे नुसती माया होती, न बघता, न विचारता, बोटाने जाड थापलेली. "आता खालचा चेंबर उघडायचा."

बाबांनी मान हलवली. "तो नको. मागच्या महिन्यात घट्ट बसवलाय मी. पॅकिंग फाटेल. नवं उद्या सकाळी दुकान उघडल्यावर मिळणार, आणि दुपारी तो साहेब येणार. उघडला आणि वेळेत जुळला नाही तर?"

"आणि न उघडता काटा अर्ध्यावर आला तर?"

बाबांनी पाठ वळवली. त्यांना उत्तर माहीत होतं आणि चेंबरमध्ये काय आहे तेही बहुधा माहीत होतं; हे चिमटीला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. आत्याने बादली खाली ठेवली.

"उघड गं," ती म्हणाली. "माझी गाडी आहे."

तेल काढलं. बोल्ट सगळे निघाले, पण चेंबर सुटेना; लेपाने तो इंजिनाला चिकटून बसला होता. चिमटीला पातळ सुरी घालून कड चहूबाजूंनी कापावी लागली. शेवटी चेंबर एकदम सुटला आणि तिच्या छातीवर आला.

आत बाबांचा लेप होता. बाहेर जेवढा दिसायचा तेवढाच आतही दाबला गेला होता, तेलात भिजून सुटला होता, आणि लाल वळवळीत दोऱ्यांनी चेंबरचा तळ भरला होता. काही बोटभर लांब, काही शेवयांएवढे, काही एकमेकांत गुंतून गाठ झालेले. काळ्या तेलात ते जंतांसारखे दिसत होते. चिमटी गाडीखालून बाहेर आली, नळाशी गेली, वाकली. उलटी झाली नाही, पण व्हायला हरकत नव्हती. बादली जवळच होती.

परत आल्यावर तिने जाळी बघितली. जाळीच्या दोन तृतीयांश भागावर लाल चामडं बसलं होतं. ते तिने चिमट्याने सोललं. पुठ्ठ्यावर बोळ्यांशेजारी ठेवलं.

बाबा त्या ढिगाशी वाकले. मग त्यांनी एक दोरा दोन बोटांत उचलला, ताणला, सोडला. या खेपेला त्यांनी बोटं हाताला येईल त्याला पुसली नाहीत. नळाखाली जाऊन धुतली, साबण लावून, दोनदा.

"बेअरिंगं गेली असतील का?" आत्याने हळूच विचारलं. तिला गाड्यांचं थोडं कळत होतं. तेल न मिळता फिरलेल्या धातूची झीज जाळी साफ करून भरून येत नाही.

"गेली असतील तर दाब एकच्या वर टिकणार नाही," चिमटी म्हणाली. "नसतील तर टिकेल. आज कळायचा मार्ग नाही."

सोमवारी दुकान उघडल्यावर बाबाच पॅकिंग घेऊन आले. चिमटीने दोन्ही कडा काचेसारख्या घासून कोरड्या केल्या. पॅकिंग बसवलं. बाबांचा हात खिशाकडे गेला.

"दोन कोपऱ्यांवर," ती म्हणाली. "तांदळाच्या दाण्याएवढा. जास्त नाही."

बाबांनी ट्यूब तिच्याच हातात दिली. तिने दोन दाणे ठेवले. आत्याने ब्रीदरच्या नळीला लांब रबरी नळी जोडली आणि ती छताच्या उंचीपर्यंत मागे नेऊन बांधली, म्हणजे वास मागच्या माणसांपर्यंत येणार नव्हता. ही युक्ती तिलाच सुचली होती. कुणाला विचारून सुचली होती.

साहेब आला तेव्हा नवं तेल भरून जेमतेम झालं होतं. त्याने पांढरा शर्ट घातला होता. त्याने बसायच्या आधी स्टूल रुमालाने पुसलं, आणि चिमटीला तो एकदम बरा माणूस वाटला. त्याने दाबमापकाचा काटा स्वतः ठोकून बघितला, गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवायला सांगितला, आणि आत्या लांबचा फेरा मारून इंजिन गरम करून आली. उतरताना तिने चावी तशीच ठेवली. तिचे हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं हे तिला सुचत नव्हतं, म्हणून ती बादल्या पुसू लागली. त्या आधीच कोरड्या होत्या.

साहेबाने घड्याळ बघितलं. "चला."

इंजिन मंद गतीला चालू राहिलं. टायरवालाही येऊन उभा राहिला. बाबा काट्याकडे पाठ करून उभे होते. अधूनमधून साहेब रेस द्यायला सांगायचा, आत्या गाडीत चढून द्यायची, सोडायची. चिमटीने नाकाने श्वास घ्यायला सुरुवात केली आहे हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"झाली वीस," साहेब चिमटीला म्हणाला. "ताई, वाचा."

चिमटी आधी खाली वाकली, मग उठून काट्यासमोर गेली. चष्मा पुसला.

पुठ्ठ्यावर एक डाग, बटणाएवढा. दाब एक पूर्णांक एक दशांश बार.